बीजिंगची गार बुडी

आमच्या घरात पाण्याचे दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष सौभाग्यवतींचा. फ्लॅटमध्ये बंब पेटवायची सोय उरली नाही, म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या गीझरचा काटा शेवटपर्यंत फिरवतात आणि शिवाय पातेलेभर पाणी गॅसवर उकळत ठेवतात. न जाणो, ऐन वेळी वीज गेली तर! दुसरा पक्ष आमच्या पुतण्याचा. वय वर्षे सव्वीस, नोकरी संगणकाची, नाद पळण्याचा. पहाटे दहा-बारा मैल धावून आला की घामाने निथळत तो सरळ गच्चीवर जातो. तिथे एक निळे प्लास्टिकचे पिंप आहे. त्यात बर्फाच्या कारखान्यातून आणलेल्या लादीचे तुकडे टाकायचे आणि गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसायचे! पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा आमची कामवाली खाली धावत आली आणि म्हणाली, "काकू, दादा पिंपात पडलेत."

गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी दोन्ही पक्षांची जुंपली. पुतण्याने 2009 सालचा दाखला दिला. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की थंडीत स्वतः जळून शरीराला ऊब देणारी तपकिरी चरबी फक्त लहान मुलांतच नव्हे, तर मोठ्यांतही असते. काकूंनी लहानपणच्या न्यूमोनियाचा दाखला दिला. शेवटी पुतण्या माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही चीनला राहून आलात. त्यांचे वैद्यक पाच हजार वर्षांचे! ते काय म्हणते?"

"पाच हजार नको," मी म्हटले, "हाती असलेले जुने ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपासचे आहेत. तेवढे पुष्कळ झाले."

त्या दिवशी त्याला जे सांगितले तेच येथे जरा ऐसपैस सांगतो. एक भाग मात्र मी त्याला सांगितला नव्हता. त्यात माझी फजिती आहे. ती छापूनच प्रथम उघड होते आहे.

आमची कन्या कामानिमित्त दोन वर्षे बीजिंगला होती. (माझ्या शाळेच्या भूगोलात या शहराचे नाव पेकिंग होते, आणि स्वप्नात अजून तेच येते.) 2019 चा जानेवारी आम्ही उभयतांनी तिच्याकडे काढला. तिकडचे लोक दक्षिणायन संपले की नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात आणि तिसरा गट सर्वांत कडाक्याचा मानतात. आम्ही नेमके त्या तिसऱ्या नवकात उतरलो. हवेत पाणी नावाला नाही, नाकातून वारा आत गेला की सुई टोचल्यासारखे होई. आणि त्या सबंध शहरात कोणीही गार पाणी पीत नव्हते! हॉटेलात बसले की प्रथम गरम पाणी. कचेरीत, आगगाडीत, बागेत, जो तो थर्मास बाळगून. सर्दी झाली, गरम पाणी प्या. पोट दुखते, गरम पाणी प्या. मन उदास आहे, गरम पाणी प्या. बाळंतिणीने महिनाभर गार पाण्याला हातसुद्धा लावायचा नाही. आमच्या सौ. चार दिवसांत त्या देशाच्या प्रेमात पडल्या.

पाचव्या दिवशी मी होउहाय तळ्यावर फिरायला गेलो. जुन्या शहराच्या मध्यावर हे लांबट तळे आहे. काठाला गल्ल्यांतली करडी घरे, पलीकडे सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग राहत होत्या तो वाडा. तळे गोठून पांढरे पडले होते. मुले त्यावर घसरत होती. आणि एका कोपऱ्यात, बर्फ फोडून मोकळ्या राखलेल्या काळ्याभोर पाण्यात, साठी-सत्तरीची माणसे पोहत होती! अंगावर फक्त चड्डी आणि टोपी. शिडीने उतरत, पाच-सात हात मारत, लालबुंद होऊन वर येत, आणि आपल्याकडे कट्ट्यावर बसावे तशा गप्पा मारत कपडे चढवत.

गरम पाण्याच्या भक्तांच्या गावात हे काय चालले आहे, हा पहिला प्रश्न माझ्या मनात यायला हवा होता. पण खरे सांगतो, पहिला विचार आला तो असा: मी काय यांच्यापेक्षा म्हातारा आहे? मी वाईचा. पावसाळ्यातल्या कृष्णेत उड्या मारलेला. कोजागिरी उलटली की माझी आजी कार्तिकस्नानाला पहाटे घाटावर जाई आणि ओल्या लुगड्याने घरी येई. तिच्याबरोबर मी त्या पाण्यात उतरलेलो आहे. निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती, रक्तदाबाची गोळी चालू होती, आणि बसमध्ये कॉलेजातल्या मुली उठून जागा देऊ लागल्या होत्या. माणसाच्या मनात पाण्यात उडी घ्यायचे विचार उगीच येत नाहीत.

घरी येऊन बेत जाहीर केला. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त कन्येकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी मला गल्लीतल्या चिनी वैद्यबाईंपुढे बसवण्यात आले.

बाई साठीच्या पुढच्या, केस आखूड कापलेले, पांढरा डगला. कन्या दुभाष्याचे काम करीत होती. मी महाराष्ट्रातला, सोलापूर आमच्या राज्यातच, असे कळताच बाईंच्या चेहऱ्यावरची घडी मोडली. "के दीहुआ!" त्या म्हणाल्या. हे आपल्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे चिनी नाव. 1938 साली गेलेला आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडेच देह ठेवलेला सोलापूरचा डॉक्टर त्या पिढीला घरच्या माणसासारखा ठाऊक आहे. त्या ओळखीवर मला तपासणीत काही सवलत मिळेल असे वाटले होते. ती मिळाली नाही.

बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. आपले वैद्यही तीन बोटे ठेवतात. तिकडे मात्र डाव्या-उजव्या हाताच्या प्रत्येक बोटाखाली निरनिराळ्या अवयवाची खबर लागते असे मानतात. मग जीभ. ती फिकट, सुजरी आणि कडेला दातांचे ठसे उमटलेली निघाली. मग त्यांनी माझे मोजे उतरवायला लावून पाऊल हातात धरले. बर्फाचा गोळा! शेवटी विचारले, "रात्री किती वेळा उठावे लागते?"

मी म्हटले, "एकदा." सौ. म्हणाल्या, "तीनदा." कन्येने चिनीत जे सांगितले ते तीनदा असावे.

शरीर जिच्यावर चालते त्या शक्तीला ते लोक 'छी' म्हणतात. बाई हा शब्द दर दोन वाक्यांनी उच्चारत, आणि दर वेळी सौ. दचकून माझ्याकडे बघत. ह्यांच्या प्रकृतीची बाईंना एवढी किळस का यावी, असा त्यांचा समज झाला होता. कन्येने खुलासा केल्यावर पुढचे ऐकता आले. ते असे.

या छीचे अनेक प्रकार. त्यांतली एक पहारेकरी छी. ती रक्तवाहिन्यांच्या बाहेर, कातडी आणि मांस यांच्या मधल्या पट्ट्यात फिरते, अंग ऊबदार ठेवते आणि रोमरंध्रांची दारे उघडते-मिटते. गारठा हा बाहेरचा चोर. त्याचा स्वभाव आखडण्याचा आणि थिजवण्याचा. पहारा जागा असेल तर दारे पटकन मिटतात आणि चोर उंबऱ्यावरून परततो. पहारा थकलेला असेल, किंवा दारे घामाने सताड उघडी असतील, तर तो आत येऊन बसतो. मानेचा मागचा भाग, कंबर आणि तळपाय ह्या त्याच्या आवडत्या वाटा.

पण पहारेकऱ्याला पगार कुठून मिळतो? मूत्रपिंडातून. चिनी मूत्रपिंड म्हणजे केवळ आपल्या डॉक्टरांचे मूत्रपिंड नव्हे. ते पाण्याचे, हिवाळ्याचे, हाडांचे आणि भीतीचे घर, आणि जन्माची पुंजी तिथेच ठेवलेली. हुआंगदी नेइजिंग या त्यांच्या आद्य ग्रंथात हिवाळ्याचे तीन महिने मिटवून साठवण्याचे मानले आहेत. या दिवसांत लवकर निजावे, ऊन वर आल्यावर उठावे, गारठा टाळावा, घाम गाळून छी उधळू नये.

"म्हणजे मुदत ठेव," मी म्हटले.

कन्येने भाषांतर करताच बाई प्रथमच हसल्या. "होय. आणि तुमच्या पुंजीवर व्याज फार थोडे येते आहे. गार पाण्यात उतरलात तर ते मुद्दलातून जाईल."

निकाल असा लागला. रात्री गरम पाण्यात पाय बुडवून बसा, आले घालून पाणी प्या, उन्हाळ्यात पुन्हा भेटा. हिवाळ्याच्या खोडी उन्हाळ्यातच दुरुस्त करायच्या असतात, असा त्यांचा कायदा आहे. दारावर पत्रा मारायचा तो पावसाआधी, तसे.

मी हार मानणारा नव्हतो. "मग तुमचे ते तळ्यावरचे?" मी विचारले. "आणि तुमच्या वैद्यकात गार पाण्याचा उपचार मुळीच नाही काय?"

यावर त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्यांसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

पहिली गोष्ट इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. छुनयू यी नावाचा वैद्य होता. त्याच्या रोग्यांच्या नोंदी सिमा छ्येन या इतिहासकाराने जपून ठेवल्या आहेत. त्यांत एका मांडलिक राजाची नोंद आहे. डोके दुखते, अंग तापले आहे, जीव कासावीस. वैद्याने त्याच्या डोक्यावर थंड पाणी थोपटले, पायाला दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिकाणी सुया टोचल्या, आणि राजा लगेच बरा झाला. आणि आजाराचे कारण? केस धुऊन ओल्या डोक्याने झोपला! हे कन्येच्या तोंडून ऐकताच सौ.नी तिच्याकडे जो कटाक्ष टाकला त्यात वीस वर्षांची ओरड साठलेली होती.

दुसरी गोष्ट ह्वा थ्वो या महावैद्याची, इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सांध्यावरची. एक बाई वर्षानुवर्षे थंडी-तापाने अंथरुणाला खिळलेली. ह्वा थ्वोने अकराव्या महिन्याच्या ऐन गारठ्यात तिला पहाटे दगडी डोणीत बसवले आणि तिच्यावर थंड पाणी ओतायला सांगितले. मोजून शंभर वेळा! सात-आठ झाले तोच ती इतकी थडथडू लागली की आता जाते. ओतणारे घाबरून थांबू लागले. वैद्य म्हणाला, आकडा पुरा करा. ऐंशीच्या सुमाराला तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या, दोन-तीन फूट उंच. शंभर भरल्यावर त्याने शेगडी पेटवून बिछाना ऊबदार केला, तिला जाड पांघरुणात गुंडाळले. बऱ्याच वेळाने घाम फुटला. अंगाला पूड चोळली. घाम सुकला आणि ती बरी झाली.

"पाहिलेत!" मी विजयी मुद्रेने म्हटले.

"तुम्ही शंभर वेळा ओतलेले पाणी ऐकलेत," बाई म्हणाल्या. "ऊबदार बिछाना ऐकला नाहीत."

त्यांचे म्हणणे असे की त्या बाईच्या आत उष्णता कोंडून पडली होती. पाणी हे तिला डिवचून बाहेर काढण्याचे औषध होते. हेच पाणी दुसऱ्याला विष. ह्वा थ्वोच्याच काळात चांग चुंगचिंग म्हणून एक वैद्य झाला. त्याच्या घराण्यातली दोनशेवर माणसे. दहा वर्षे पुरी व्हायच्या आत त्यांतली दोन-तृतीयांश गेली, आणि गेलेल्यांत दहांतली सात गारठ्याच्या तापाने. त्या दुःखातून त्याने शांग हान लुन हा ग्रंथ रचला. ज्याला घाम आणून मोकळे करायचे अशा रोग्यावर गार पाणी शिंपडले किंवा ओतले, तर ताप आतच अडकतो, असा इशारा त्याने देऊन ठेवला आहे. एक वैद्य गार पाण्याने उठवतो, दुसरा त्याच पाण्याला हात लावू देत नाही, आणि दोघेही चिनी वैद्यकाचे आदिपुरुष!

ही गोष्ट मला फार आवडली. पाणी गार की गरम हा तिथे प्रश्नच नाही. कोणाला, केव्हा, किती, आणि नंतर काय, एवढेच विचारायचे. आपला वाग्भटही गरम पाणी मानेखाली बलदायक आणि डोक्यावर घातक सांगतो. एकाच स्नानात दोन नियम!

एवढे ऐकून शहाण्या माणसाने घरी जाऊन पाय बुडवून बसावे. मी तसाच बसलो, आठ दिवस. नवव्या दिवशी सकाळी 'फिरून येतो' सांगून निघालो. पिशवीत टॉवेल होता.

तळ्यावर एक आजोबा रोज भेटत. अठ्ठ्याहत्तरीचे, वेतासारखे. मी मनात त्यांना दादा म्हणू लागलो होतो. त्यांचा क्रम मी पाहून ठेवला होता. आधी दहा मिनिटे हातपाय चोळणे, थोपटणे, पण घाम येईपर्यंत नाही. मग छातीला आणि मानेला पाणी लावणे. शिडीने सावकाश उतरणे. आत जेमतेम दोन मिनिटे. कुडकुडी भरायच्या आतच वर. झटपट कोरडे होणे, प्रथम टोपी, मग कपडे, मग घोट घोट गरम पाणी आणि चालणे. हे सगळे ते उन्हाळ्यापासून रोज, एकही दिवस न चुकवता, पाण्याबरोबर गार होत होत करीत आले होते. मी यातला उन्हाळा आणि शरद ऋतू हे दोन अध्याय गाळून एकदम जानेवारी उघडला.

शिडीच्या चौथ्या पायरीवर पाणी छातीला लागले आणि माझा श्वास गेला. गेला म्हणजे माझ्या ताब्यातून गेला. तोंड आपोआप उघडून हवा आत ओढू लागले, पुन्हा ओढू लागले, बाहेर सोडायला सवडच नाही. आमच्याकडचे डॉक्टर याला गारठ्याचा धक्का म्हणतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगाची उष्णता नेते. कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय धावू लागते. गार पाण्यात पुष्कळ माणसे दगावतात ती गोठून नव्हे, पहिल्या एक-दोन मिनिटांतच, एखादा श्वास पाण्याखाली घेतल्याने किंवा हृदय अडखळल्याने. हे मी नंतर वाचले. तेव्हा मला एवढेच कळत होते की शिडीची दांडी माझ्या हातात आहे आणि हात माझे ऐकत नाही. वर काठावर कोणी ओरडले. मला माझी आजी आठवली नाही, कृष्णा आठवली नाही. गोळी घ्यायची राहिली आहे, हे आठवले.

दादांनी बखोटीला धरून मला वर ओढले. टॉवेलने खसाखसा पुसले, आपली टोपी माझ्या डोक्यावर घातली. आणि कोणीतरी थर्मासचे झाकण माझ्या ओठाला लावले. आल्याचे, गुळासारख्या तांबड्या साखरेचे, जीभ भाजणारे पाणी. वर पाहिले तर वैद्यबाई! त्या दादांच्या धाकट्या बहीण निघाल्या. भावाचे हे पोहणे त्यांना मुळीच पसंत नाही. सत्तरी उलटल्यावर हिवाळ्यात पुंजी मोडणे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. दादा म्हणतात, मी व्याजावर पोहतो. वर्षानुवर्षांचा हा वाद. आणि तरी रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी बाई थर्मास घेऊन काठावर उभ्या!

मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. घरी सौ.ही बोलल्या नाहीत. ओलसर टॉवेल त्यांनी पिशवीतून काढला, दोरीवर टाकला, आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचे पुष्कळ बोलणे खाल्ले आहे. ते न बोलणे अजून पचलेले नाही.

संध्याकाळी मला कणकण आली. अंगावर वारा सोसवेना. बाईंनी पुडी पाठवली: दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पिओनी नावाच्या फुलझाडाचे मूळ, आले, चिनी बोरे आणि ज्येष्ठमध. हा त्याच चांग चुंगचिंगचा अठराशे वर्षांपूर्वीचा काढा. आणि सूचना अशी की काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम भाताची पातळ पेज प्यावी, पांघरूण घेऊन पडावे, आणि घाम हलकासा येऊ द्यावा, पाझरेल इतका नको.

"पेज!" सौ. म्हणाल्या. दिवसभरातला हा पहिला शब्द. "आणि दालचिनीचा काढा. हे आपलेच की!" दालचिनी या शब्दाचाच अर्थ चीनचे लाकूड, हे सांगायची ती वेळ नव्हती. दोन दिवसांत मी उठलो. काढ्याने उठलो, पेजेने उठलो की नुसत्या विश्रांतीने, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. छी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ह्वा थ्वोच्या रोग्याच्या वाफांचेही मला फार नवल वाटत नाही. हिवाळ्यात पहाटे घाटावर कोणत्याही ओल्या अंगातून वाफ निघते. पण बाईंनी माझ्या तळपायाला हात लावून जे ओळखले ते मला पाण्याच्या चौथ्या पायरीवर कळले. हा हिशेब मी विसरलेलो नाही. आणि आजचे डॉक्टरही पाण्यात उतरायची सवय हळूहळू करा, रक्तदाब-हृदयविकार असेल तर करूच नका, पाण्यातून निघाल्यावरही शरीर आतून काही वेळ थंडच होत राहते म्हणून लगेच कोरडे व्हा, हेच सांगतात. शब्द निराळे, पण दादांच्या क्रमाशी कुठे भांडण दिसत नाही.

निरोपाच्या दिवशी बाईंनी तो थर्मास सौ.ना भेट दिला.

हे सगळे (बुडी वगळून) पुतण्याला सांगितले. "काका, म्हणजे मी करू की नको?" त्याने विचारले. मी म्हटले, "तू सव्वीस वर्षांचा आहेस. तुझा पहारा जागा आहे. पण तू धावून येतोस, सगळी दारे उघडी टाकून, आणि त्याच घामात चोराच्या स्वाधीन होतोस. बाई याला नक्की नाही म्हणाल्या असत्या. घाम सुकू दे. कुडकुडी यायच्या आत बाहेर ये. तासाभराने हातपाय गरम झाले नाहीत किंवा रात्री झोप लागली नाही, तर समज की मुद्दलाला हात लागला." तो बराच वेळ विचार करीत बसला. मग चकली घेतली.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो. पुतण्या धावून आला होता, पण कठड्याला टेकून घाम वाळवत होता. मग पिंपात उतरला. आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, शाल लपेटून, चेहऱ्यावर तीव्र नापसंती घेऊन, हातात बीजिंगचा थर्मास धरून त्याच्या काकू उभ्या होत्या.

"तीन मिनिटे झाली रे," त्या ओरडल्या. "नीघ आता."